कॉर्निश कर्न, बाथ ब्लू आणि लातूरचा उन्हाळा

कॉर्निश कर्न हे इंग्लंडचं, ‘वर्ल्ड चीज अवॉर्ड्स’ स्पर्धेत 2017चं जागतिक विजेतं चीज. टणक, आधी भाजल्या दाण्यांसारखं लागतं, मग खरपूस साखरेसारखं गोड. 2014चं विजेतं बाथ ब्लू हे निळ्या बुरशीचं चीज, लोण्यासारखं मऊ, शेवटी जिभेला चुरचुरतं. नवख्यांनी आयर्लंडच्या टिपरेरीतल्या सौम्य कॅशेल ब्लूपासून सुरुवात करावी.

खाण्याआधी तासभर बाहेर काढा म्हणतात. ते तिकडच्या थंड हवेत! मे महिन्यात लातुरात 20 मिनिटं पुरे, नाहीतर तूप सुटतं. प्लास्टिकमध्ये ओल साचून वास कुबट होतो. बटर पेपरात गुंडाळून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. निळ्या चीजचा डबा वेगळाच हवा, त्याची बुरशी शेजाऱ्यावर चढते. कर्न ज्वारीच्या कडक भाकरीवर, ब्लूसोबत गुळाचा खडा. शाकाहारी घरांनी रेनेट (दूध घट्ट करणारं एन्झाइम; ते वासराच्या जठरातलंही असतं) कशाचं ते लेबलवर बघावं.