उमेदवारांची शपथपत्रं आणि 'नो युअर कँडिडेट' ॲप: शिफारस करण्याआधी कितपत कामाचं?

निवडणूक लागली की सोसायटीत, भावकीत, पारावर ठरावीक माणसांना विचारलं जातं, 'यंदा कुणाला द्यायचं?' ते नाव घेतात आणि चार घरं त्यांच्या शब्दावर मत देऊन येतात. असा शब्द टाकणाऱ्यांसाठी भारत निवडणूक आयोगाची एक फुकट सेवा आहे: उमेदवारांच्या शपथपत्रांचं संकेतस्थळ आणि त्यावर आधारलेलं 'नो युअर कँडिडेट' ॲप. (ही आणि अशी बरीच ॲप 'ईसीआयनेट' या एकाच ॲपमध्ये आणण्याचं आयोगानं २०२५ मध्ये जाहीर केलं आहे.) आमचं मत थोडक्यात असं: ॲप वरवरचं आहे, पण त्यामागचं नमुना २६ हे शपथपत्र (उमेदवारानं अर्जासोबत गुन्हे, मालमत्ता आणि उत्पन्न लिहून द्यायचा कागद) मतदाराच्या हातातला सगळ्यात दमदार कागद आहे. फक्त तो शेवटच्या पानापर्यंत वाचायला हवा.

ॲपमध्ये निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांची यादी येते. थेट नावानं शोधायची सोयही आहे, पण तिच्या नादी लागू नका. मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक अर्जात वेगळं असतं, त्यामुळे माणूस उभा असूनही सापडत नाही. मतदारसंघावरून गेलेलं बरं. तिथेही एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार दिसतील. फोटो, वय आणि मतदारयादीतला भाग व अनुक्रमांक जुळवून मगच पुढे जा. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, म्हणून एकाच माणसाची अनेक शपथपत्रंही दिसतात. त्यातलं सर्वांत शेवटी दाखल झालेलं वाचायचं, कारण त्रुटी निघाली की छाननीपर्यंत सुधारित प्रत देता येते.

अर्ज आल्यापासून २४ तासांत शपथपत्र संकेतस्थळावर चढवायचं, असा आयोगाचा दंडक आहे. विधानसभेला अर्जांची मुदत संपल्यावर दुसऱ्या दिवशी छाननी होते, छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते, आणि मतदान माघारीनंतर किमान १४ दिवसांनी. दोन आठवड्यांत चार-पाच प्रमुख उमेदवारांचे कागद आरामात वाचून होतात.

ॲपची सगळ्यात मोठी उणीव म्हणजे 'गुन्हेगारी पार्श्वभूमी: होय / नाही' हा शिक्का. पाण्यासाठी रास्ता रोको केला म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ व १३५ लागलेला कार्यकर्ता आणि खंडणीचा आरोपी, दोघांपुढेही 'होय'च येतं. केवळ या शिक्क्यावर कुणाला बाद केलंत, तर लोकांसाठी रस्त्यावर उतरणारी माणसं आधी बाद होतील. म्हणून शपथपत्रातला प्रलंबित गुन्ह्यांचा तक्ता उघडा. त्यात गुन्हा नोंद क्रमांक, पोलीस ठाणं, न्यायालय, खटला क्रमांक, कलमं आणि दोषारोप निश्चित झाले की नाही, हे सगळं द्यावं लागतं. जुन्या भारतीय दंड संहितेतली बेकायदा जमावाची १४३, १४७, १४९ ही कलमं आणि आदेशभंगाचं १८८ बहुतेक आंदोलनांत लागतातच. ३०७ (खुनाचा प्रयत्न), ३८४ (खंडणी), ४२० (फसवणूक) किंवा ३५४ (विनयभंग) दिसलं तर थांबा. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे आकडे असतात: ३०७ चं १०९ झालं, ४२० चं ३१८(४), १८८ चं २२३. आणि १३८, म्हणजे चेक न वटल्याचा खटला, लोक किरकोळ समजतात. त्यावरून माणूस व्यवहाराला कसा आहे हे कळतं, तेव्हा आम्ही तो खटला कधीच सोडत नाही. दोषारोप निश्चित झाले असतील तर न्यायालयाला प्रथमदर्शनी दम वाटला आहे. तसं नसेल आणि गुन्हा गेल्या दोन-तीन महिन्यांतलाच असेल, तर तो कुणी दाखल केला तेही विचारा. खटला क्रमांक, वर्ष आणि न्यायालय हाताशी असलं की न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पुढची तारीख नि टप्पा दिसतो.

मालमत्तेच्या पानांत लोक एकूण बेरीज बघतात आणि 'पाच वर्षांत तिप्पट झाली' म्हणून बोंब ठोकतात. हे चूक आहे. जमिनीचे भाव वाढले की न काही करता बेरीज फुगते. स्थावर मालमत्तेच्या तक्त्यात वारसाहक्कानं आली की स्वतः घेतली, खरेदीची तारीख, तेव्हाची किंमत, विकासावरचा खर्च आणि आजची अंदाजे बाजारभावाची किंमत असे वेगवेगळे आकडे असतात. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवा आणि मधल्या काळात नवीन घेतलेल्या वस्तूंची फक्त खरेदी किंमत जोडा. आता त्याच शपथपत्रातलं नवरा-बायकोचं पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणपत्रातलं उत्पन्न आणि कर्जातली वाढ एकत्र करा. समजा उत्पन्न ३० लाख, कर्ज वाढलं १० लाख आणि नवी खरेदी ९० लाख. घरखर्च शून्य धरला तरी ५० लाखांचा हिशेब लागत नाही. आधी जुनं काही विकलं का ते पाहा, दोन्ही यादींतून ते कळतं. तरीही खड्डा उरला तर उमेदवाराला सरळ विचारा. शेतकरी उमेदवाराला मात्र हे गणित जसंच्या तसं लावू नका. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, करपात्र उत्पन्नाच्या आकड्यात ते येत नाही.

जमिनीचा गट नंबर दिलेला असतो. महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा काढून क्षेत्र आणि 'इतर हक्क' पाहा. तिथे बँकेचा बोजा असून शपथपत्राच्या कर्जाच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं असेल, तर बोजा फेडूनही उतरवला नसेल किंवा कर्ज लपवलं असेल. क्षेत्र जुळवताना एक हेक्टर म्हणजे साधारण २.४७ एकर आणि एक एकर म्हणजे ४० गुंठे, एवढं डोक्यात ठेवलं की पुरे.

या कागदाला मोठं भोकही आहे. तक्त्यात स्वतः, पती किंवा पत्नी, अविभक्त हिंदू कुटुंब आणि अवलंबित एवढेच रकाने असतात. कमावता मुलगा, सून, भाऊ अवलंबित नसतात, त्यांच्या नावावरचं काही दिसत नाही. शिक्षणसंस्था, पतसंस्था, कारखाना ज्यांच्या हातात आहे त्यांची खरी ताकद इथे उमटत नाही, कारण ती संस्थेच्या नावावर असते. शासनाशी असलेल्या कंत्राटांचा रकाना मात्र जरूर बघा, आपल्याकडच्या निवडणुकांत तो सगळ्यात कमी वाचला जातो.

रकाना कोरा ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये रिसर्जन्स इंडिया प्रकरणात स्पष्ट केलं. मुळात ही माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क आहे हे २००२ आणि २००३ च्या निकालांनी ठरलं, आणि उत्पन्नाचा स्रोत सांगण्याची सक्ती २०१८ च्या लोकप्रहरी निकालातून आली. खोटी माहिती दिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. चुकीचं काही सापडलं तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे तुम्हीही प्रतिशपथपत्र देऊ शकता.

सेवेतल्या तांत्रिक तक्रारी: प्रती स्कॅन केलेल्या असल्यानं मजकुरात शोध चालत नाही, तिरकी पानं आणि हस्ताक्षर वाचताना डोळे दुखतात. फोनवर वाचू नका, छापून घ्या. आकड्यांचे तयार तक्ते हवे असतील तर असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सचं मायनेता संकेतस्थळ सोयीचं आहे, पण शंकेच्या जागी मूळ प्रतच ग्राह्य धरा.

नगरसेवक, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांसाठी हे ॲप उपयोगाचं नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तो वेगळा. तिथल्या उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन पाहा, प्रत मागा. मुंबई सोडून इतर महापालिकांत एका प्रभागात अ, ब, क, ड अशा अनेक जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत द्यायचं असतं. म्हणून अख्ख्या पॅनेलची शिफारस करू नका, चारही कागद वेगळे वाचा. पॅनेलमधला एक चांगला चेहरा दाखवून उरलेले तीन खपवणं फार चालतं.

आणि ठरलेलं नाव पत्रक छापून वाटणार असाल तर विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणंही गुन्हा ठरतो, म्हणून चार ओळी तोंडीच सांगितलेल्या बऱ्या.