ब्रेंडा: एन्झाइमचे आकडे शोधायला उत्तम, डोळे मिटून उतरवायला धोक्याचं

एकाच एन्झाइमची निरनिराळ्या जीवांत आणि ऊतींत तुलना करायची असेल तर पहिला मुक्काम ब्रेंडा. १९८७ साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये हा माहितीसंग्रह सुरू झाला. वापर फुकट, श्रेय दिलं की झालं. शोधनिबंधांतले आकडे माणसांनी वाचून नोंदवलेत, ही त्याची जमेची बाजू. गोमही तिथेच आहे.

पायरुव्हेट आणि लॅक्टेट यांची अदलाबदल करणारं लॅक्टेट डीहायड्रोजनेज, म्हणजे एलडीएच घ्या. नावाने शोधत बसू नका, थेट ईसी क्रमांक (एन्झाइम कोणती अभिक्रिया घडवतं त्यावरून दिलेला क्रमांक) टाका: १.१.१.२७. नुसत्या नावाने गेलात तर डी-लॅक्टेटवर चालणारं १.१.१.२८ आणि यीस्टमधलं सायटोक्रोमवालं १.१.२.३ यांच्याशी गल्लत होते. ती वेगळीच एन्झाइम. मग केएमच्या (एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा होतो तेव्हाची सब्स्ट्रेटची संहती) तक्त्यात सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ, निवडा, कारण पायरुव्हेट, लॅक्टेट, एनएडीएच सगळे तिथे एकत्र नांदतात. एकक मिलिमोलर. दोन ओळींत बरोबर हजारपट फरक दिसला तर मायक्रोमोलर-मिलिमोलरचा घोळ असू शकतो, मूळ निबंध उघडा.

आकड्यापेक्षा शेजारचा कॉमेंटरीचा रकाना मोलाचा. पीएच, तापमान, आयसोएन्झाइम (एकाच एन्झाइमचं निराळं रूप), म्युटंट (रचनेत बदल झालेलं रूप), सगळं तिथे असतं. हृदयातलं एच-४ आणि स्नायूतलं एम-४ ही एलडीएचची आयसोएन्झाइम एकाच प्राण्याच्या नावाखाली येतात. पायरुव्हेट वाढवलं की एच-४ लवकर दबतं, एम-४ तितकं नाही. म्हणजे दोन ओळी जुळत नसल्या तरी दोन्ही बरोबर असू शकतात, आणि त्यांची सरासरी मात्र नक्की चूक. जीवाणूंचं आणखी निराळं: कित्येकांचं एलडीएच फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट मिळाल्याशिवाय नीट चालतच नाही, त्यामुळे ते घातलं होतं की नाही हे न बघता केएम घेण्यात अर्थ नाही. थंड समुद्रातल्या माशाचा २५ अंशांवरचा आकडा सशाच्या ३७ अंशांवरच्या आकड्याशेजारी मांडणं हाही तसलाच प्रकार. म्युटंटच्या ओळी तर आधीच गाळा. बॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जीवाणूच्या एलडीएचमध्ये १०२व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल बसवलं की ते मॅलेट डीहायड्रोजनेज या दुसऱ्याच एन्झाइमसारखं वागतं!

ऊतींची यादी सगळ्यात कच्ची वाटली. एन्झाइम कुठे सापडलं ते कळतं, किती ते नाही. एलडीएच जवळपास सगळीकडे असतं, मग लांबलचक यादीचं करायचं काय? बदकाच्या डोळ्याच्या भिंगात ते एप्सिलॉन-क्रिस्टॅलिन या नावाने ढिगाने असतं, पण तिथे ते भिंगाचं घटक प्रथिन म्हणून. ‘भिंग’ एवढ्या नोंदीवरून हे कोणाला कळणार? शिवाय यकृत किंवा स्नायू नीट धुतला नसेल तर तांबड्या पेशींतलं एलडीएच मोजमापात मिसळतं. ते तपासायला निबंधातली कृतीच वाचावी लागते.

एकेक ओळ कॉपी करण्यापेक्षा पूर्ण मजकूर-फाइल उतरवून घ्या. त्यात केएम, ऊती, विशिष्ट क्रियाशीलता (दर मिलिग्रॅम प्रथिनामागची क्रिया) यांना दोन-तीन अक्षरी संकेत आहेत, वाचणारा प्रोग्रॅम लिहिणं अवघड नाही. फक्त -९९९ दिसलं तर ते मोजलेलं मूल्य नव्हे, ‘अधिक माहिती आहे’ एवढीच खूण. आधी ते काढा, नाहीतर आलेखाचा पार विचका होतो. पूर्ण वेग-समीकरण हवं असेल तर हायडलबर्गचं साबिओ-आरके हा माहितीसंग्रह बघा.