नोकरी सांभाळून शिकताना : निरंतर शिक्षण आणि पदवी, १४ महिन्यांनंतर

संख्याशास्त्र शिकण्यासाठी मी आधी निरंतर शिक्षणाचा चार महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि मग विद्यापीठाच्या अर्धवेळ पदवीला प्रवेश घेतला. त्याला आता दहा महिने झाले.

निरंतर शिक्षणाचा लाभ लगेच झाला. कामात अडलेला प्रश्न घेऊन संध्याकाळी वर्गात बसावे आणि दुसऱ्या दिवशी मिळालेले उत्तर वापरून पाहावे, इतके ते सोपे होते. प्रौढ माणूस गरज जाणवली की शिकतो आणि नवे ज्ञान आपल्या अनुभवाशी जोडून घेतो, असे प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी मांडले होते. त्याची प्रचीती मला तिथे आली. मात्र माझे कुठे चुकते, हे तिथे कोणी तपासले नाही. हजेरी भरली आणि प्रमाणपत्र मिळाले.

पदवीचा पहिला स्वाध्याय परत आला तेव्हा एका वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात शेरा होता : ‘तिसरा घटक तपासला का?’ दोन गोष्टी एकत्र वाढताना दिसल्या की एक दुसरीचे कारण आहे, असे मी कार्यालयीन अहवालांत वर्षानुवर्षे लिहीत आले होते. दोन्हींना वाढवणारे तिसरेच काही असू शकते, हे मी ध्यानात घेतले नव्हते. तो शेरा नीट समजण्यासाठी मला संभाव्यतेचा पाया पुन्हा शिकावा लागला. हा विषय मी आपणहून कधीच निवडला नसता. आपल्याला तो येत नाही, हेच मुळी मला ठाऊक नव्हते. माझ्या दृष्टीने पदवीचे खरे मोल या सक्तीच्या विषयांत आणि तपासून परत आलेल्या कागदांत आहे.

वेळेचा हिशेब मात्र आधीच करावा. उदाहरणार्थ, युरोपीय पद्धतीत पूर्णवेळ वर्षाला ६० श्रेयांक (क्रेडिट) असतात आणि प्रत्येकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात. निम्म्या गतीनेही वर्षाला ७५० ते ९०० तास, म्हणजे एकही सुट्टी न घेता आठवड्याला सुमारे १४ ते १७ तास होतात. आधीच्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक मला मिळाले नाहीत, कारण त्यात मूल्यमापनच नव्हते; प्रवेश घेण्यापूर्वी हे लेखी विचारून घ्यायला हवे होते.

जुन्या गुणांची भीती बाळगू नये. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले, तेही पूर्वपात्रतेची अट न घालता.

पुढच्या सत्रासाठी मी एकच विषय घेतला आहे. जुन्या अहवालांपैकी दोन दुरुस्त करून वरिष्ठांकडे पुन्हा पाठवले आहेत. तिसऱ्याचे काम सुरू आहे.