उपकेंद्राच्या टॅबवरचं बालआजारांचं ॲप: पावसाळा ते होळी, वापरानंतरचा अनुभव

मी एएनएम, म्हणजे उपकेंद्रावरची नर्स. सातपुड्याच्या पट्ट्यात उपकेंद्र, पाडे लांब लांब. टॅबमधल्या ॲपमध्ये नवं काहीच नाही, ट्रेनिंगमधला आयएमएनसीआयचाच (नवजात आणि लहान मुलांच्या आजारांच्या एकत्रित उपचारपद्धतीचा) तक्ता आहे. लक्षणांवरून रंग ठरतो: गुलाबी आलं की लगेच रेफर, पिवळ्याला औषध देऊन पुन्हा बघायचं, हिरव्याला घरीच काळजी. तक्ता भिंतीवर असताना टॅब कशाला, असं सगळ्याच सिस्टर म्हणत होत्या.

फरक पडतो श्वास मोजताना. बाहेर रांग लागली की पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा मोह होतोच. पण बाळाचा श्वास एकसारखा नसतो, त्यामुळे तो आकडा भरवशाचा नाही. हे ॲप मिनिट पूर्ण झाल्याशिवाय पुढे सरकतच नाही. झबलं वर करायचं, पोट हललं की स्क्रीनवर बोट टेकवायचं. मध्येच रडलं की पुन्हा पहिल्यापासून. वैताग येतो, पण मोजणी खरी होते.

वयाचं मात्र ते फार काटेकोर. २ महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५० आणि पुढे ५ वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. म्हणजे खोकणाऱ्या अकरा महिन्यांच्या बाळाला ४४ चालतात, तेरा महिन्यांच्या बाळाला तोच न्यूमोनिया. आणि आई सांगते, "होळीला वर्षाचा होईल." ॲपला तारीख हवी! मग एमसीपी कार्ड (माता-बाल संरक्षण कार्ड) शोधा, नाहीतर आशाताईला विचारा. तिला पाड्यातले सगळे जन्म तोंडपाठ.

जुलाबात झिंक २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, त्यावरच्याला पूर्ण, १४ दिवस, हे ठळक दाखवतं. नव्या सिस्टरला याचा मोठा आधार.

रेंज नसली तरी निर्णयाचा भाग चालतो. माहिती पाठवायला मात्र टेकडी चढा. शिवाय कागदी रजिस्टर सुटलेलं नाहीच, एकच बाळ दोनदा लिहायचं. उन्हात स्क्रीन दिसत नाही ते वेगळंच.

माझी खरी तक्रार गुलाबी पानाबद्दल आहे. 'ताबडतोब रेफर' म्हणून ते मोकळं होतं. नाल्याला पाणी आहे, गाडी पाड्यापर्यंत येत नाही, तोवर काय? वाटेत बाळाला ऊब कशी द्यायची, दूध कसं पाजायचं, हे खाली कुठेतरी दडवलंय. अशा वेळी मी सरळ एमओंना (वैद्यकीय अधिकाऱ्यांना) फोन लावते.

हे ॲप तुमच्याकडे येणार असेल तर आधी वजनकाटा तपासून घ्या. आमच्या ॲपमध्ये अँटिबायोटिकचा डोस वजनावरूनच निघतो.