साखळीचं सोन्याचं घड्याळ: आधी सराफाकडे की घडीसाजाकडे?

आमच्या पणजोबांचं घड्याळ आठ तोळ्यांचं आहे, हे आम्ही तिघे भाऊ लहानपणापासून ऐकत आलो. वाटणीची वेळ आली तेव्हा कुणी त्यावर शंकाही घेतली नाही. प्रश्न एवढाच होता की त्याची किंमत कुणाकडून करून घ्यायची. छत्रपती संभाजीनगरात राहणारा मी एकटाच, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. परवा जालन्याच्या एका नातेवाइकांनी अगदी हाच प्रश्न विचारला, तेव्हा वाटलं की सगळं एकदा लिहूनच ठेवावं.

सराफाची बाजू आधी सांगतो, कारण ती काही कमी नाही. तिथे रोख पैसे आहेत, पावती आहे, अर्ध्या तासात निकाल आहे. आपल्याकडे सोनं म्हटलं की पाय आपोआप सराफ्याकडेच वळतात आणि त्यात गैर काही नाही. सोन्याचा कस सांगणारं मशीन आता बहुतेक मोठ्या दुकानांत असतं. मात्र ते मशीन वरचाच थर वाचतं. जुन्या अमेरिकी घड्याळांवर पितळेला सोन्याचा जाडसर पत्रा चढवलेला असायचा, आणि तो पत्रा पुरेसा जाड असला तर मशीन अख्खी केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, सोन्याची आहे असंच सांगतं. झाकणाच्या आत ‘गॅरंटीड ट्वेंटी इयर्स’ असं कोरलेलं असेल तर खुशाल समजा की ते भरीव सोनं नाही. भरीव सोन्याला वीस वर्षांची हमी कोण कशाला देईल? ती हमी वरचा पत्रा झिजायला किती वर्षं लागतील याची आहे.

पण आमचा घोडा कसापाशी अडला नाही, वजनापाशी अडला.

तीन दुकानं फिरलो. तिन्ही ठिकाणी घड्याळ बंदच्या बंद काट्यावर ठेवलं गेलं आणि तिन्ही ठिकाणी ९६ ग्रॅम भरलं. पुढे आतल्या मशीनची वजावट. पहिल्याने ४० ग्रॅम कापले, ५६ उरले. दुसरा म्हणाला, ‘निम्मं धरू या ना साहेब,’ म्हणजे ४८. तिसऱ्याने मान हलवून ६५ वजा केले आणि ३१ वर आला. एकच घड्याळ, एकच गल्ली, आणि फरक २५ ग्रॅमचा! उघडून का बघत नाही म्हटलं तर तिघांचंही उत्तर एकच: ‘उघडलं आणि काही बिघडलं तर?’ भीती खरी आहे, ते मी नाकारत नाही. शेवटच्या दुकानात तर सुचवलं गेलं की सौदा पक्का करा, मग मशीन काढून तुम्हाला पुडीत बांधून देतो. घड्याळाचं काळीज पुडीत घेऊन घरी जायचं, हे काही मला जमलं नसतं. पण खरं सांगायचं तर भावनेचा भाग नंतरचा. आधी चीड आली ती त्या अंदाजपंचे वजाबाकीची. भावांना मी कोणता आकडा सांगणार होतो?

सिटी चौकाकडे एक वयस्क घडीसाज बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. तिथे गेलो तर त्यांनी पहिलं वाक्य टाकलं, ‘कसोटी पे घिसा तो नहीं ना किसी ने?’ नाही म्हटल्यावर नख लावून मागचं झाकण उघडलं. त्याच्या आत दुसरं झाकण निघालं, तेही पिवळं धमक. चाचांनी भिंग माझ्या हातात दिलं. कडेला बारीक अक्षरांत फ्रेंच शब्द होता, क्विव्र. म्हणजे तांबं. जुन्या स्विस घड्याळांत बाहेरची झाकणं सोन्याची आणि आतलं धूळझाकण साध्या धातूचं, हे सर्रास असायचं, आणि बनवणाऱ्याने ते प्रामाणिकपणे कोरूनही ठेवलेलं असायचं. ते वाचायला झाकण उघडावं लागतं, एवढंच.

त्याच धूळझाकणावर आणखी दोन ओळी होत्या. त्यातला ‘आंक्र’ हा शब्द मी कंपनीचं नाव समजून बसलो होतो. ते यंत्राचं वर्णन निघालं: लिव्हर पद्धतीचं मशीन. ‘सिलँद्र’ असतं तर त्याहून जुन्या आणि स्वस्त पद्धतीचं. पुढे १५ खडे लिहिलेले. हे माणकाचे खडे दागिन्याचे नव्हेत, चाकांच्या टोकांखाली झीज कमी करायला बसवलेले असतात. त्यांच्या जोरावर किंमत वाढवून सांगणारे लोक भेटतील, त्यांच्याकडे हसून बघावं.

सोन्याची खूण बाहेरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सापडली. टाचणीच्या डोक्याएवढा बाईचा चेहरा. ही हेल्वेशिया, स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेली बाई. ती दिसली म्हणजे १८ कॅरेट. खार असती तर १४ कॅरेट. अस्वल किंवा रानकोंबडा दिसला तर सोनं विसरा, ती चांदी आहे आणि वर मुलामा आहे. विलायती घड्याळात हिशेब वेगळा: मुकुट आणि शेजारी १८ म्हणजे १८ कॅरेट, .३७५ म्हणजे ९ कॅरेट, .६२५ म्हणजे १५ कॅरेट. १५ कॅरेटची खूण इंग्लंडात १९३२ मध्ये बंद झाली, त्यामुळे ती दिसली की घड्याळ त्याआधीचं. नांगराची खूण बघून कुणी जहाजाच्या कप्तानाची गोष्ट रचू नये. ती बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीची खूण आहे, आणि बर्मिंगहॅमला समुद्र नाही. आपल्याकडचा हॉलमार्क मात्र शोधत बसू नका. २०२१ पासून दागिन्यांना तो सक्तीचा झाला तेव्हा घड्याळांचं सोनं त्यातून वगळलेलं आहे.

मग चाचांनी मशीन, तबकडी, काच सगळं बाजूला काढलं आणि रिकामी केस छोट्या काट्यावर ठेवली. ४१ ग्रॅम. धूळझाकण वेगळं, ९ ग्रॅम. १८ कॅरेटच्या हिशेबाने शुद्ध सोनं पावणेएकतीस ग्रॅम. आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. ९६ ला त्याने भागलं की आठाच्या थोडं वर येतात. म्हणजे पणजोबांनीही ते बंदच तोललं होतं! चार पिढ्या आम्ही पोलाद, काच आणि तांब्याला सोनं म्हणत आलो.

झाकणाच्या आत आणखी एक गोष्ट होती, जी कुठल्याच सराफाने पाहिली नसती. जुने घडीसाज दुरुस्ती केली की सुईच्या टोकाने आत खूण आणि तारीख ओरखडून ठेवत. आमच्या झाकणात अशा चार खुणा. त्यातली एक उर्दू अंकांत: १३४१. मी हिजरी धरून १९२२-२३ म्हणालो. चाचा म्हणाले, निजामाच्या कचेऱ्या फसलीवर, म्हणजे महसुली सनावर चालायच्या, फसली धरा. त्या हिशेबाने १९३१-३२. पणजोबा तहसील कचेरीत होते, म्हणून मलाही फसलीच पटतं. दोन्हींत काही झालं तरी घड्याळ हैदराबाद संस्थानच्या काळात आपल्या मुलखात दुरुस्त झालं हे नक्की, आणि ‘आजोबांनी नंतर कुठून तरी आणलं असेल’ ही धाकट्या भावाची शंका मिटली.

मुंबईच्या लिलावघरांबद्दल थोडक्यात. एका ठिकाणी विचारणा केली तर त्यांनी मशीनचे, दोन्ही झाकणांच्या आतल्या बाजूचे आणि क्रमांकाचे फोटो मागितले. म्हणजे फिरून चाचांकडेच. पाटेक फिलिपसारखं बड्या कंपनीचं नाव असेल, किंवा खटका सरकवल्यावर वेळ वाजवून सांगणारं घड्याळ असेल, तर तो रस्ता जरूर धरावा. कमिशन आणि काही महिन्यांची वाट त्यात गृहीत धरायची. पुण्याचा भाचा थेट परदेशी पाठवा म्हणत होता. शंभर वर्षांवरच्या वस्तूंच्या निर्यातीवर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत, त्यामुळे तो नाद सोडलेला बरा.

आता चाचांच्या बाजूचं उणंही सांगायला हवं. ते विकत घेत नाहीत. त्यांचा शब्द तोंडी असतो, वाटणीचं प्रकरण कोर्टात जाणार असेल तर नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा कागदच लागेल. शिवाय चालणाऱ्या मशीनवर त्यांचं प्रेम जास्त, त्यामुळे ते सांगतील त्यातून थोडं मनातल्या मनात वजा करावं. आमच्या घड्याळाला मोठं नाव नाही, तेव्हा सोन्याच्या वर फार काही मिळालं नसतं हे मला मान्य आहे. तुमचं मशीन मोडकं असेल, केस ठेचलेली असेल आणि घरात कुणाला त्याचं काही नसेल, तर शेवटी सराफच बरा.

फक्त शेवटी. चाचांनी ४१ चा आकडा चिठ्ठीवर लिहून दिला, तीनशे रुपये घेतले. ती चिठ्ठी घेऊन मी निम्मं धरणाऱ्या त्या सराफाकडे परत गेलो, तर त्यांनी हुज्जत न घालता ४१ वर हिशेब मांडून दिला. त्याच आकड्याने दोन्ही भावांचे वाटे मी देऊन टाकले.

जाण्याआधी घड्याळ पॉलिश करून नेऊ नका, ओरखडलेल्या खुणा त्यातच जातात. वजन समोर करायला सांगा. आणि शुक्रवारी दुपारी चाचांचं दुकान बंद असतं, तेवढं बघून निघा.