जेलीफिनच्या लॉग फायली : उन्हाळ्याची निर्दोष सुटका

घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर उबंटू ही संगणकप्रणाली टाकून मी गेली दोन वर्षे जेलीफिन हा मीडिया सर्व्हर, म्हणजे संगणकावर साठवलेले चित्रपट घरातल्या टीव्हीवर दाखवणारी प्रणाली, चालवत आहे. एम्बी या अशाच सर्व्हरचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला राहिला नाही, तेव्हा २०१८ च्या डिसेंबरात त्यातून फुटून निघालेला हा मुक्त प्रकल्प पूर्णपणे मोफत आहे. त्याच्या इतर गुणांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे; मला लिहायचे आहे ते त्याच्या लॉग फायलींविषयी, म्हणजे सर्व्हर आपल्या कामाच्या नोंदी ज्यांत लिहून ठेवतो त्या फायलींविषयी.

मे महिन्यात दुपारी बाबा चित्रपट लावत आणि तो दर अर्ध्या मिनिटाला अडके. नागपूरचा उन्हाळा, पारा ४५ अंशांवर आणि डेस्कटॉप कूलरची हवा न पोहोचणाऱ्या खोलीत. तेव्हा यंत्र तापते, असा निकाल घरात सर्वांनी देऊन टाकला होता. मुख्य लॉगमध्ये मात्र 'ईआरआर' अशी, म्हणजे बिघाडाची, एकही ओळ नव्हती. तेथे 'आयएनएफ' या साध्या माहितीच्या ओळीत 'ट्रान्सकोड' (चित्रपट चालू असतानाच दुसऱ्या स्वरूपात बदलणे) आणि त्यापुढे 'सबटायटल कोडेक नॉट सपोर्टेड', म्हणजे सबटायटलचे स्वरूप टीव्हीला चालत नाही, हे कारण निमूटपणे नोंदलेले होते.

खरा उलगडा एफएफएमपेगच्या, म्हणजे हे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, लॉग फायलीत झाला. प्रत्येक ट्रान्सकोडिंगसाठी अशी स्वतंत्र फाइल लिहिली जाते, ही मला या सर्व्हरची सर्वांत मोलाची सोय वाटते. तिच्यातल्या कमांडमध्ये 'ओव्हरले' होते, म्हणजे चित्ररूपातील पीजीएस सबटायटल प्रत्येक फ्रेमवर छापली जात होती; 'लिबएक्स२६४' होते, म्हणजे चित्र नव्या स्वरूपात बांधण्याचा (एन्कोडिंगचा) सारा भार प्रोसेसरच वाहत होता; आणि तळाशी होते 'स्पीड=०.६८एक्स'. हा आकडा १ च्या खाली राहिला की एका सेकंदाचे चित्र तयार व्हायला सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि टीव्ही ताटकळतो. रात्री हवा निवल्यावर तोच चित्रपट लावून पाहिला, तरी आकडा ०.७ च्या पुढे सरकला नाही. सबटायटलची साधी मजकुराची एसआरटी फाइल जोडली, तेव्हा ट्रान्सकोडिंगची गरजच उरली नाही.

वाचनसुलभतेचे गुण मात्र मी कापेन. एफएफएमपेगच्या फायलीच्या आरंभी जेसन या स्वरूपातील तांत्रिक माहितीचा एवढा लांबलचक ढीग असतो, की नवखा माणूस तेथूनच परत फिरतो. शिवाय मूळ सेटिंगनुसार लॉग तीनच दिवस राहतात. मी ती मुदत पंधरा दिवसांची केली. मदतीसाठी मुख्य लॉगची फाइल कोणाला पाठवायची झाल्यास घरच्यांची युजर नावे आणि आयपी पत्ते आधी खोडावेत, कारण लॉगिनच्या नोंदीत ते उघडे दिसतात.