जरबेराची पानं पिवळी पडली आणि माझे ४७,९९९ रुपये गेले

जरबेराच्या फुलशेतीत नावाआधी 'डॉ.' लावणाऱ्या एका सल्लागारानं मला फसवलं, त्याची ही गोष्ट. आधी आकडे लिहून टाकतो, तोंडानं सांगायची लाज वाटते. फोटो बघायची फी ४९९. प्लॉटवर येण्याचे २,५००. औषधांचा पहिला किट १८,६००. दुसरा, ज्याला तो 'रिकव्हरी डोस' म्हणायचा, २६,४००. बेरीज ४७,९९९. बुटाच्या दुकानात लावतात तसला आकडा आहे, आणि जोडे मलाच बसलेत.

वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आमचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. तांबडी माती बाहेरून आणून बेड भरले, ऑगस्टमध्ये सहा हजार रोपं लावली. एक रोप ३२ रुपयांना पडलं. नोव्हेंबरात फुलं सुरू झाली, डिसेंबरअखेर रोजची पाचशे निघत होती. दहा-दहाचे बंच बांधून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं दादरला जायची. जानेवारीच्या मध्यावर नवी पानं पिवळी यायला लागली. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, मग पार पांढरट. दांडा आखूड, फूल बारीक. पाचशेची दोनशे झाली. पुढं लग्नसराई, त्याआधी १४ फेब्रुवारी. वर्षातले पैसे ज्या दिवसांत व्हायचे तेच दिवस.

"एवढा शिकलेला माणूस असा कसा फसला" असं ज्यांना वाटतंय, त्यांनी डोक्यावर कर्ज घेऊन पहाटे साडेपाचला त्या पिवळ्या बेडांमध्ये उभं राहून बघावं. मी वीस वर्षं ऊस केलाय. उसात पिवळं दिसलं की काय करायचं ते हाताला पाठ आहे. जरबेरा मला नवा होता, आणि नव्या पिकात माणूस कुणाचंही ऐकतो.

नंबर फूलवाल्यांच्या ग्रुपवरून मिळाला. नावाआधी 'डॉ.', डीपीला पांढरा कोट. पहिला व्हॉइस मेसेज अजून माझ्याकडे आहे: "दादा, टेन्शन घेऊ नका. प्लॉट माझाच आहे असं समजून काम करतो." चार फोटो पाठवले, ४९९ पाठवले. दहा मिनिटांत उत्तर: "व्हायरस आहे, मुळी झोपलीये, आठ दिवस उशीर केलात तर प्लॉट काढावा लागेल."

इथंच एक गोष्ट कळायला हवी होती. पिकात खरोखर व्हायरस शिरला तर त्याला बरं करणारं औषध नसतं. रोगट झाडं उपटायची आणि पांढरी माशी, फुलकिडे आवरायचे, एवढंच हातात असतं. 'व्हायरस बरा करतो' म्हणून कॅन विकणारा माणूस दिसला की फोन ठेवा. हे मी उसाच्या बाबतीत दुसऱ्याला सांगितलं असतं.

पण खरी चूक ही नाही. ती पुढं आहे, आणि ती लिहिताना आजही कान गरम होतात.

पहिला किट चालू होऊन सहा दिवस झाले होते. त्यानं रोजचे फोटो मागितले होते. त्या सकाळी पॉलिहाऊसमध्ये जाण्याआधी मी शेजारच्या हळदीच्या पट्टीत गेलो होतो. काढणीला आलेली हळद, पानं पिवळी पडून माना टाकलेली, पाला कधी कापायचा ते भावाला विचारायला तिथलाही एक फोटो काढला होता. घाईत तोच फोटो त्याला गेला. दोन मिनिटांत उत्तर आलं: "सेम व्हायरस. स्प्रेड वाढलाय. दुसरा डोस आजच घ्यावा लागेल."

मंडळी खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "अहो, हे हळदीचं पान हाय."

मी काय म्हणावं? "त्यांना शंभर फोटो येत असतील, गडबडीत बघितला असंल." वर तिलाच म्हणालो, "तुला यातलं काय कळतंय!" आणि त्याच दुपारी २६,४०० पाठवले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जिल्हाभर पेढे वाटल्यासारखा आनंद झाला, आणि त्याच जिल्ह्यात एका डॉक्टरला हळदीचं पान जरबेराचं वाटलं आणि एका शेतकऱ्यानं ते चालवून घेतलं. नऊ महिन्यांची हळद पिवळी पडते ती तयार झाली म्हणून. तिला कसला आलाय व्हायरस! मंडळी अजून त्यावरून काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हा डॉक्टर प्लॉटवर आला तेव्हाही दिसत होतं सगळं. पांढरी गाडी, इस्त्रीचा शर्ट. चार बेड फिरला, चहा घेतला, शेजाऱ्याच्या ढबू मिरचीची चौकशी केली. एक रोप उपटून मुळी बघितली नाही. पाणी कुठलं देता हे विचारलं नाही. मुळी न बघता मुळी झोपलीय म्हणणारा माणूस! रोप उपटायला दोन मिनिटं लागतात. मुळी पांढरी असेल तर ठीक, तपकिरी आणि चिकट असेल तर कूज, गाठी असतील तर सूत्रकृमी. तुमचा सल्लागार गुडघे टेकत नसेल तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

किटमध्ये पाच-पाच लिटरचे चार कॅन. 'नॅनो', 'ऑरगॅनिक', 'इम्पोर्टेड टेक्नॉलॉजी' एवढं सगळं छापलेलं. बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटक किती टक्के ते नाही. एका कॅनवर 'आयर्न चिलेट' (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं लोह) लिहिलेलं होतं आणि आत लिंबू सरबतासारखं पाणी. आता कळलंय की चुनखडीच्या जमिनीत चालणारं ईडीडीएचए चिलेट चिमूटभर पाण्यात टाकलं तरी ग्लास लालभडक होतो. उरलेल्या कॅनना गुळाचा वास होता. बिल मागितलं तर "जीएसटी लागेल दादा, भुर्दंड तुम्हालाच." पैसे यूपीआयवर गेले ते एका बाईच्या नावावर. बिल नाही आणि खातं तिसऱ्याच्याच नावाचं, या दोन गोष्टी एकत्र आल्या की तिथंच थांबा. आणि एक वाक्य लक्षात ठेवा, कारण ते हमखास येतं: "औषध चालू असताना माती-पाणी तपासू नका, रिपोर्ट चुकीचा येतो." मला ते दोनदा सांगितलं होतं.

शेवटी उलगडा केला पुतण्यानं. कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला आला होता. आत पाऊल टाकल्याबरोबर विचारलं, "अण्णा, पाणी कुठलं चालू हाय?"

नदीवरची मोटार २ जानेवारीला जळाली होती. तेव्हापासून ठिबकला बोअरचं पाणी. पाणी आणि बेडची माती तपासायला ६०० रुपये लागले. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप) ८.१, तो चढा ठेवणारं बायकार्बोनेट भरपूर. जरबेराला मुळाशी साडेपाच ते साडेसहा लागतो. बेडमधला ७.८ वर गेलेला. अशा मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. लोह झाडात एकदा बसलं की हलत नाही, म्हणून उपासमार आधी कोवळ्या पानावर दिसते. जुनी पानं सगळीच्या सगळी पिवळी पडली असती तर नत्राकडे बोट गेलं असतं, जुन्या पानांच्या शिरांमधलं पिवळं असतं तर मॅग्नेशियमकडे. पान कोणतं पिवळं, खालचं का वरचं, एवढं बघितलं असतं तरी अर्धं काम झालं असतं. साधं ईडीटीए चिलेट अशा पीएचला टिकत नाही, हिराकस (फेरस सल्फेट) तर मातीत पडल्या पडल्या अडकतो. नदीची जळालेली मोटार दुरुस्त करून आणली, टाकीतल्या पाण्याचा पीएच ॲसिडनं सहापर्यंत उतरवला (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हातमोजे घालून), आणि ईडीडीएचए चिलेट १,१५० रुपये किलोनं दोन किलो आणलं. अठरा दिवसांत नवं पान हिरवं आलं. त्या डॉक्टरच्या 'डोस'मुळं झालं ते एवढंच की डोसबरोबर रोज भरमसाट पाणी दिल्यामुळं कडेच्या बेडात शंभरेक रोपं कुजली. चाळीस दिवसांत फुलांचे अंदाजे ३६ हजार बुडाले ते वेगळे.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "पैसे तुम्ही स्वतः दिले, माल तुम्हाला मिळाला, यात फसवणूक कुठं? शेतीखात्याकडं जा." शेतीच्या कार्यालयात म्हणाले, कॅन फोडलेला आहे, आम्ही नमुना घेतो तो दुकानातल्या सीलबंद मालाचा. मी म्हणालो, त्याला दुकानच नाही. मग म्हणाले, परवाना नसलेला विक्रेता आमच्या यादीतच नाही, आम्ही कुणावर कारवाई करणार? म्हणजे परवाना घेऊन कमी टक्केवारीचं खत विकलं तर गुन्हा, आणि परवानाच न घेता गुळाचं पाणी विकलं तर कागदावर तो माणूसच नाही! खत नियंत्रण आदेश १९८५ पासून आहे, २०२१ पासून पिकाला जोम देणारी म्हणून विकतात ती 'बायोस्टिम्युलंट' द्रव्यंही त्यात आलीत, हे मी घरी वाचून गेलो होतो. टेबलामागच्या माणसानं माझ्याकडं असं बघितलं की मीच काहीतरी विकायला आलोय. "अर्ज ठेवून जा." तीन प्रती ठेवल्या. पोच मागितली तर शिक्का असणारे रजेवर. दुसऱ्या खेपेला शिक्का होता, अर्ज सापडेना. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, नीट बोलले, नंबर मिळाला. पैसे जाऊन पाच आठवडे झाले होते, खात्यात काही शिल्लक नव्हती. हा फोन पहिल्या तासात करायचा असतो. मी तेव्हा त्यालाच 'थँक्यू सर' लिहीत होतो. बँकेनं एक फॉर्म दिला. चार हेलपाट्यांचं पेट्रोल मी बेरजेत धरलेलं नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, ते करतोय. पण तिथं बिल मागतील आणि बिल माझ्याकडं नाही. चॅट, यूपीआयच्या पावत्या आणि तो हळदीच्या पानाचा फोटो एवढं प्रिंट काढून ठेवलंय. तुमचं असं काही झालं असेल तर चॅट उडवू नका, रागाच्या भरात ब्लॉकही करू नका. मी केलं, आणि त्याचा डीपी गेला.

दुसऱ्या किटमधले दोन कॅन न फोडता पंपाच्या खोलीत ठेवलेत. झाकणाचं सील शाबूत आहे. त्याच माणसाकडून कुणी घेतलं असेल आणि तपासायची तयारी असेल तर येऊन घेऊन जा, निम्मा खर्च मी देतो.